तिसरी पायरी, ग्रंथालयाच्या मागे

"मोठ्याने वाच," आत्या म्हणाली. "मनात वाचलंस की तू निम्मं गाळतेस."

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून हातात कागद आला की मला बसून वाचताच येत नाही. पत्र राजधानीहून आलं होतं, वर राज्याचा शिक्का, खाली कुणाची तरी सापासारखी सही. मी घसा साफ केला.

"'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या नगरपालिकेने सादर केलेल्या यादीतील सर्व एकशे अठरा व्यक्तींच्या नावापुढे पत्ता नमूद केलेला आढळतो. सबब सदर व्यक्ती बेघर या व्याख्येत बसत नाहीत. प्रस्ताव परत करण्यात येत आहे.'"

मी थांबले. पुन्हा ती ओळ पाहिली. आणि मग मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. दाराशी उभे असलेले शिपाईकाकासुद्धा रुमालात तोंड घालून खोकल्याचं नाटक करायला लागले.

आत्या हसली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुढे वाच," म्हणाली. "पुढे काहीतरी असतंच."

पुढे होतं. पत्त्याचा रकाना खोडून यादी परत पाठवता येईल, पण प्रत्येक खाडाखोडीशेजारी त्या त्या माणसाची सही हवी. त्यांना दिलेल्या पोचपावत्या परत घेऊन जोडायच्या. नवीन नावं चालणार नाहीत. निवाऱ्यासाठी किमान शंभर माणसं हवीत, त्याखाली मदत नाही. आणि हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत.

त्या दिवशी सोमवार होता. माझ्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती.

माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नगरपालिकेत चौतीस वर्षं कारकून. तिला ऑफिसात पाठीमागे सगळे 'रकानेबाई' म्हणतात आणि तिला ते माहीत आहे. कारण एकच: ती रकाना रिकामा सोडत नाही. तिच्या टेबलावरून गेलेल्या कागदावर आजवर कुठे मोकळी जागा दिसलेली नाही. माझा शाळेचा प्रवेशअर्जसुद्धा तिनेच भरला होता. 'छंद' या रकान्यात आईने रेघ मारा म्हटलं, तर हिने लिहिलं, 'प्रश्न विचारणे'. पहिलीतल्या मुलीच्या अर्जावर! मुख्याध्यापिका आजही मला त्यावरून चिडवतात.

तर ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. दुसऱ्या कुणीही तिथे 'निरंक' लिहिलं असतं आणि चहाला गेलं असतं.

त्या मोजणीला मी बरोबर होते. थंडीची चाहूल लागली होती तेव्हाची गोष्ट. पाणीपुरवठ्याचं जुनं गोदाम नगरपालिकेकडे रिकामं पडून होतं. त्याचा निवारा करायचा, तर खाटा, नळ, संडास, राखणदार, एवढं सगळं पालिकेच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून राज्याकडे मदत मागायची होती. त्यासाठी आधी माणसं मोजायची. ऑफिसातल्या इतरांनी 'पहाटे सहाला? थंडीत?' म्हणून अंग काढून घेतलं. आत्याने काढलं नाही. मला सुट्टी होती आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून मी पोचपावत्या लिहायला.

पहिला माणूस बाजारातला हमाल होता. पुलाखाली पोत्यावर बसून दात घासत होता.

"नाव झालं, वय झालं. पत्ता?" आत्याने विचारलं.

"बाई, पत्ता असता तर तुम्ही आला असतात का?"

मला वाटलं, बरोबर आहे की. पण आत्याचं पेन रकान्यावर तसंच टेकलेलं. "उद्या मला तुम्हाला काही आणून द्यायचं असलं, तर कुठे येऊ?"

हमालाने चूळ भरली. विचार केला. "पुलाखाली. बाजाराकडून मोजत आलात तर चौथा खांब. पण खांबाच्या आतल्या अंगाला हां. बाहेरच्या अंगाला दुसरा एक झोपतो, त्याला नका देऊ."

आत्याने ते सगळं लिहिलं. 'आतल्या अंगाला' हे सुद्धा. मी पावतीवर तेच उतरवलं, कारण ऑफिसची रीतच आहे: कुणाची माहिती घेतली की त्याला नावपत्त्यासकट शिक्क्याची पोचपावती द्यायची. हमालाने पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "आयला! खांब माझ्या नावावर झाला."

मग आम्हाला नादच लागला. मला तरी लागला. आपल्याच गावात आपण जन्मापासून राहतो आणि आपल्याला गावाचं काही म्हणजे काही माहीत नसतं! बसस्थानकाच्या तीन नंबरच्या तिकीटखिडकीखाली एक मावशी झोपायच्या. मी विचारलं, तीनच का, चार का नाही? तर म्हणाल्या, "चारचा दिवा रात्री मालवतात गं. तीनचा स्विच बिघडलाय, तो मालवतच नाही. उजेडात कुणी त्रास देत नाही." बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून एक नवरा-बायको होते. त्या भिंतीपलीकडे भट्टी. भिंत सकाळी दहापर्यंत ऊबदार राहते आणि त्यातही खालून पाचवी वीट सगळ्यात गरम. मी हात लावून पाहिला. खरंच पाचवी! त्या माणसाला काय अभिमान वाटला, जणू वीट त्यानेच भाजली होती.

आणि छत्रीवाले आजोबा. दिवसा बाजाराच्या फाटकाशी बसून छत्र्या दुरुस्त करायचे, झोपायला ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर. पायऱ्या पाच. मी विचारलंच, "आजोबा, कितवी?"

"तिसरी. पहिल्या दोन ओल्या राहतात. वरच्या दोन अरुंद. तिसरी रुंद आहे, कारण पूर्वी तिथे दार होतं म्हणे." त्यांनी आत्याच्या हातातला कागद वाकून पाहिला. "'तिसरी पायरी, ग्रंथालयाच्या मागे' असं लिहा. 'मागची पायरी' लिहिलंत तर कुठली ते कळणार नाही."

"बरोबर," आत्या म्हणाली. दोघांचं लगेच जमलं.

त्यांनी पावती कशी घेतली ते मला आठवतं. दोन्ही हातांनी. मग एका जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोन घड्या घालून, आतल्या खिशात.

तर असे एकशे अठरा पत्ते. मला विचाराल तर असे नेमके पत्ते बंगल्यातल्या माणसांचेही नसतात. आणि त्याच्यावर वरून उत्तर आलं, हे बेघर नाहीत!

साहेबांनी पत्र वाचून कपाळाला हात लावला. साहेब म्हणजे आमचे मुख्याधिकारी. यादी न वाचता सही त्यांनीच केली होती, पण ते या वेळी कुणी काढलं नाही.

"अहो बाई, रेघ मारायची होती. एक रेघ!"

"चूक माझी आहे, साहेब."

"चूक तुमचीच आहे! पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होऊन घरी बसाल. थंडीत कुणी गेलं तर वर्तमानपत्रवाले माझ्या दारात उभे."

"थंडीत कुणी जाऊ नये म्हणूनच शुक्रवारच्या आत देते," आत्या म्हणाली. आवाज वर नाही, खाली नाही. मी असते तर भांडले असते.

बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. आत्या रजिस्टर पिशवीत घालत होती. "भांडायला चार दिवसांतला अर्धा दिवस जातो," ती म्हणाली. "चल. लाल पेन घे, पट्टी घे."

मंगळवार, बुधवार आमच्या पायांचे तुकडे पडले. काम साधं होतं: पत्त्यावर पट्टीने लाल रेघ, शेजारी माणसाची सही किंवा अंगठा, जुनी पावती परत, नवी पावती हातात. नव्या पावतीवर मीच लिहायचे, 'पत्ता: नाही'.

हमाल पहिल्यासारखाच हसला. "घ्या! दोन महिने खांबाचा मालक होतो, आज पुन्हा बेकार." पण सही करताना म्हणाला, "बाहेरच्या अंगाच्या माणसाला सांगू नका हां. त्याच्यापुढे मी जरा भाव खाल्लाय."

बेकरीच्या भिंतीशी मात्र बायकोने नवऱ्याचा हात धरला. "सही केली की भिंत सोडावी लागेल का हो? आत्ताच्या आत्ता?"

"नाही. निवारा उघडेपर्यंत भिंत तुमचीच."

"आणि निवारा उघडलाच नाही तर?"

"तरीही."

"मग पावती कशाला नेता?"

आत्या रजिस्टरची पानं सारखी करत राहिली. त्या बायकोला खोकला येत होता, बोलता बोलता ती भिंतीला पाठ घट्ट दाबायची. शेवटी नवऱ्यानेच दोघांच्या पावत्या काढून दिल्या. "दे गं. कागद आहे. वीट थोडीच देतोय?"

तीन नंबरच्या खिडकीच्या मावशींनी तर पावती दवाखान्यात वापरली होती. केसपेपरवर पत्ता लागतो म्हणे. यापूर्वी दोनदा त्यांना 'पत्ता घेऊन या' म्हणून परत पाठवलेलं. या वेळी त्यांनी शिक्क्याची पावती काढून खिडकीवर ठेवली आणि तिथल्या बाईने मुकाट्याने उतरवून घेतलं, 'तिकीटखिडकी क्रमांक तीन, बसस्थानक'. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला माझ्या हातातल्या लाल पेनाची लाज वाटली. तरी दिली त्यांनी पावती. "औषध महिन्याचं दिलंय. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू."

काही माणसं सापडलीच नाहीत. बारा जण. कुणी दुसऱ्या गावाला, कुणी कुठे. काहींनी नकार दिला. रेल्वेच्या गोदामाशी एक म्हातारी होती, तिने अंगठा मुठीत लपवला आणि म्हणाली, "एकदा असाच अंगठा घेतला होता. माझं घर गेलं. आता कोपरा पण नेता?" आत्या तिच्यासमोर उकिडवी बसून पंधरा मिनिटं समजावत होती. मग उठली. तिच्या नावापुढे तिने काहीच खोडलं नाही.

नकाराचे असे सहा झाले. गुरुवारी दुपारी मी बेरीज केली. सह्या नव्याण्णव. आणि एकच माणूस उरला होता.

"आधी त्यांच्याकडेच जायला हवं होतं," मी म्हटलं. "ते तर लगेच देतील. शहाणे आहेत."

आत्या चालायला लागलीच होती. आता वाटतं, तिने तो माणूस मुद्दाम शेवटी ठेवला होता.

दीडच्या सुमारास आजोबा पायरीवरच सापडले. खरं तर ती बाजारातल्या कामाची वेळ. आम्ही पोचलो तेव्हा पोस्टमन नुकताच सायकल वळवत होता. "आज नाही काही, आजोबा!" तो ओरडला, आणि आजोबांनी हात वर केला.

"तुम्हाला टपाल येतं?" मी विचारलं. विचारलं म्हणजे काय, माझ्या तोंडातून निसटलंच.

"एकदा आलं," आजोबा म्हणाले. त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. आत पावती, आणि पावतीच्या पोटात एक आंतरदेशीय पत्र. "मुलीचं. बारा वर्षांनी. मी लिहिलं तिला, तुमची पावती बघून पत्ता टाकला. म्हटलं, बघू. पोस्टमनला पावती दाखवून ठेवली होती. तो म्हणाला, सरकारी शिक्का आहे, मी आणणार." त्यांनी पत्र उघडलं नाही, नुसतं वरून दाखवलं. वर निळ्या शाईत त्यांचं नाव आणि खाली, अक्षरन् अक्षर, तिसरी पायरी, ग्रंथालयाच्या मागे.

"काय लिहिलंय?" मी.

"अगं!" आत्या.

"विचारू द्या हो. कुणी विचारलं नाही आत्तापर्यंत." आजोबांनी पत्र परत पावतीत सरकवलं. "लिहिलंय, पत्ता कळला, बरं वाटलं. सवड झाली की येईन."

आत्याने मग सगळं सांगितलं. राज्याचं पत्र, शुक्रवार, खाडाखोड. आकडा मात्र सांगितला नाही. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी लिहून द्यायचं, की मी इथे राहत नाही."

"तुम्हाला पत्ता नाही, असं."

"आणि ती आली, ग्रंथालयात चौकशी केली, पालिकेत विचारलं, तर तुमच्या वहीत काय सापडेल?"

"लाल रेघ," आत्या म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही.

"मग नको."

इथे मी पुढे सरसावले. मला वाटलं, हेच तर माझं काम! मी म्हटलं, "आजोबा, हे फक्त कागदावर आहे. पायरी कुठे जातेय? पोस्टमन तुम्हाला ओळखतो, मी ओळखते, आत्या ओळखते. तुमची मुलगी आली तर मी स्वतः तिला हाताला धरून इथे आणेन. पण निवारा झाला तर तुम्हाला खाट मिळेल, पांघरूण मिळेल. मुलगी आली आणि तिने तुम्हाला दगडावर झोपलेलं पाहिलं तर तिला कसं वाटेल?"

शेवटचं वाक्य मी थोडं थांबून, आवाज खाली आणून टाकलं. स्पर्धेत असंच टाकायचं असतं. आणि ते लागलं. आजोबांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी एकदम विझलं. त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

आत्याने रजिस्टर मिटलं. "आज नको," ती म्हणाली. "तुम्ही कामावर जा. तुमचं गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

वाटेत ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मी भांडायच्या तयारीत होते, पण समोरच्याने वळून बघायला तर हवं!

संध्याकाळी साहेबांनी नव्याण्णव ऐकून टेबलावर हात आपटला. मग खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाले, "एकाचा तर प्रश्न आहे. बारा जण सापडले नाहीत ना? त्यातल्या एकाचा अंगठा... अंगठ्यासारखे अंगठे असतात, बाई."

"साहेब, मी पत्ता जास्तीचा लिहिला, तो होता म्हणून लिहिला. नसलेला अंगठा मी लिहिणार नाही."

"मग नव्याण्णव माणसं थंडीत झोपवा तुमच्या तत्त्वाखाली!"

हे मात्र तिला लागलं. मी तिच्या मागे उभी होते, मला तिची मान दिसत होती. घरी आल्यावर ती जेवली नाही. आई म्हणाली, "वन्सं, दोन घास तरी घ्या," तर म्हणाली, "त्या बेकरीवालीचा खोकला ऐकलास तू?" आईने कुठला ऐकायला? आत्या तर मलाच विचारत होती.

शुक्रवारी सकाळी आठला मी एकटी गेले. कुणाला न सांगता. आजोबा अंथरुणाची घडी घालत होते, चादरीची टोकं जुळवून, हाताने दाबून.

"आजोबा, काल एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. आज उभं राहून नाही. खालच्या पायरीवर बसून. "शंभर लागतात. नव्याण्णव झालेत. नवीन नाव चालत नाही."

त्यांनी घडी पूर्ण केली. मग विचारलं, "आत्याने पाठवलं?"

"नाही."

"तिला माहीत आहे, तू आलीस ते?"

"नाही."

"मग तिला सांग. माझ्याकडून कळायला नको."

बस्स. हो नाही, नाही नाही. मी पळत ऑफिसात गेले आणि आत्याला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ती बराच वेळ लाल पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.

"आकडा मी त्यांना का सांगितला नव्हता, कळलं का तुला?"

"पण खरा होता ना!"

"खरा होता म्हणूनच. खोटा असता तर त्यांना नाही म्हणता आलं असतं."

मी बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बऱ्याच जणांना विचारलंय. निम्मे एक म्हणतात, निम्मे दुसरं.

पावणेतीनला आजोबा आले. केस ओले करून भांग पाडलेला, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. शिपाईकाकांनी 'कुणाला भेटायचंय' विचारलं, तर म्हणाले, "माझं नाव आहे बाईंच्या वहीत."

आत्या उठून उभी राहिली. साहेब आले तरी ती पूर्ण उठत नाही, अर्धीच उठते. शिपाईकाकांनी खुर्ची आणली. आजोबा टेकले, रजिस्टर आपल्याकडे ओढलं, बोटाने खाली सरकत आपलं नाव शोधलं.

"रेघ मीच मारतो," ते म्हणाले.

आत्याने पट्टी दिली. छत्रीच्या काड्या सरळ करणारा हात. पट्टी कशी धरायची ते त्याला शिकवावं लागलं नाही. एक रेघ. शाई वाळेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग शेजारी सही केली. अक्षर जुन्या वळणाचं, देखणं.

मग पिशवी काढली. पावतीतून पत्र वेगळं केलं. पत्र खिशात गेलं, पावती टेबलावर आली. इतक्या दिवसांत पावतीला पत्राच्या आकाराची घडी पडली होती. टेबलावर ती सपाट राहीना, आत्याने तळहाताने दाबून धरली.

मी नवी पावती लिहिली. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नव्हतं. आजोबांनी ती वाचली आणि परत माझ्याकडे सरकवली. "ही राहू दे तुमच्याकडेच."

"नियमाने घ्यावी लागते," आत्या हळू म्हणाली.

"बाई, एवढा एक नियम सोडा."

आत्याने ती पावती घेऊन स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. साडेतीनच्या बसने शिपाईकाका शंभर सह्यांची यादी घेऊन राजधानीला गेले. पाचला सात मिनिटं कमी असताना तिथून फोन आला: पोच मिळाली.

मदत मंजूर झाली. राज्याच्या कामाची गंमत बघा, मंजुरी येऊन गोदामात खाटा लागेस्तोवर थंडी निम्म्याहून जास्त सरली होती. बेकरीवाल्या बाईचा खोकला मध्ये वाढला होता, पण ती तगली. पहिल्या रांगेतली पहिली खाट तिला मिळाली. ती खाटेला पाठ लावून म्हणाली, "गार आहे की गं." उद्घाटनाला फीत कापली, साहेबांनी 'माझ्या पाठपुराव्याला यश आले' असं भाषण केलं. त्यांनी 'पाठपुरावा' तीनदा म्हटलं, मी मोजलं. आत्या तोवर निवृत्त झाली होती. ती मागच्या रांगेत उभी होती आणि भाषणापेक्षा नळांना पाणी येतंय का ते बघत होती.

छत्रीवाल्या आजोबांनाही खाट आहे. झोपतात तिथे. निवाऱ्याच्या राखणदाराला मी विचारलं, तर म्हणाला, "सगळ्यात नीटनेटकं अंथरूण त्यांचं. फक्त दुपारचं जेवण चुकवतात. दीडला कुठे जातात कोण जाणे."

आम्हाला माहीत होतं. परवा शाळा लवकर सुटली, मी आत्याला घरून घेतलं आणि आम्ही ग्रंथालयामागे गेलो. आजोबा तिसऱ्या पायरीवर बसले होते, बाजूला एक उघडी छत्री दुरुस्तीला. पोस्टमन सायकलवरून उतरलाही नाही. लांबूनच मान हलवून गेला. आजोबांनी हात वर केला, मग आमच्याकडे पाहिलं आणि छत्री मिटून थोडे सरकले.

"या," म्हणाले. "बसा."

आत्या दोन पायऱ्या चढली. तिसऱ्या पायरीपाशी थांबली, वाकली आणि चपला काढून खाली नीट जोडून ठेवल्या. मग वर पाऊल टाकलं.

मीही बूट काढायला बसले. शाळेचे बूट, नाड्यांची निरगाठ बसलेली. वेळ लागला. दोघंही थांबले होते.